सात हजारांच्या आतला स्कोप

साठावा-एकसष्टावा छर्रा असेल. डोळा लावला तर स्कोपमधली, म्हणजे बंदुकीवरच्या नेमाच्या दुर्बिणीतली, फुली तिरकी झालेली. आधी वाटलं, बंदूकच वाकडी धरली गेली. खांदा नीट केला, गाल पुन्हा टेकवला, पाहिलं. बंदूक सरळ होती. फुली मात्र चांगली दहा-बारा अंशांनी फिरलेली. स्कोप काढून कानाशी धरला आणि हलवला, तर आत काहीतरी बारीक खुळखुळत होतं. एकोणीसशे रुपयांचा स्कोप, घेऊन पुरते तीन आठवडे झाले नव्हते. दुकानदारानं तो हातात फिरवला आणि म्हणाला, "भाऊ, हा स्कोप तर मोठ्या रायफलीवरसुद्धा चालते. तुमच्याकडूनच पडला असंन."

पडला नव्हता. पण त्याचं पहिलं वाक्य डोक्यात राहिलं, कारण गडबड नेमकी तिथंच होती. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. त्या रात्री वहीत आकृती काढली तेव्हा गोष्ट उलगडली. बारुदाच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेनं, मागं येतो. माझी बंदूक स्प्रिंगची, नळी मोडून, म्हणजे सांध्यावर खाली वाकवून भरायची एअर रायफल. चाप ओढला की आतला जड पिस्टन पुढं धावतो, म्हणून बंदूक मागं येते. मग तोच पिस्टन पुढं दाबलेल्या हवेवर अडतो आणि बंदूक पुढं हिसका खाते. दोन्ही धक्के काही मिलिसेकंदांत, एकामागून एक. स्कोपमधल्या काचा आणि फुलीची कडी मागच्या धक्क्यासाठी घट्ट बसवलेली असते. पुढच्या हिसक्यासाठी ती बसवलेली असेलच असं नाही. म्हणून हरणाच्या शिकारीची रायफल वर्षानुवर्षं सोसणारा स्कोपही छर्ऱ्याच्या बंदुकीवर महिन्याभरात निकामी होऊ शकतो. विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारायला हवा होता: हा स्प्रिंगच्या एअर रायफलीसाठी बनवलाय का? मी विचारला नव्हता. मी फक्त "किती झूम?" एवढंच विचारलं होतं.

बंदुकीची ओढ मला आजोबांकडून आली. त्यांच्याकडे परवान्याची बारा बोअरची बंदूक होती, नेम धरायला नळीच्या टोकावर पितळी माशी असलेली. स्कोप त्यांनी आयुष्यात कधी लावला नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यांनी ती ठाण्यात जमा केली आणि पुन्हा मागायला गेले नाहीत. पुढं १९९१ च्या दुरुस्तीनं उरलेसुरले शिकारीचे परवानेही गेले. म्हातारपणी ते शिकारीच्या बढाया मारत नसत. एकच प्रसंग सांगत, काटोलकडच्या नाल्यात अर्धवट लागलेल्या चितळाचा. रात्रभर कंदील घेऊन शोधलं, सकाळी सापडलं तेव्हा ते अजून श्वास घेत होतं. "नेम साफ चुकला असता तर बरं झालं असतं रे," एवढं बोलून थांबत. जिथं आजही कायद्यानं शिकार करता येते त्या देशांतले जाणते शिकारी स्कोपबद्दल एवढे चिकित्सक का असतात, ते मला त्या प्रसंगामुळे कळतं. त्यांच्या हातून चूक झाली तर ती एका जनावराच्या अंगात जाते. आमची कागदात जाते. पण यंत्र तेच आणि त्याची परीक्षाही तीच.

आमचं सगळं कागदावर चालतं, हे आधीच स्पष्ट करतो. ०.१७७ इंच बोअरची, म्हणजे तेवढ्या छिद्राच्या नळीची, आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर रायफल आपल्याकडे परवान्याशिवाय ठेवता येते, म्हणून तिनं काहीही मारावं असा त्याचा अर्थ होत नाही. नागपूरजवळ, कळमेश्वरच्या पुढं माझ्या मावसभावाची संत्र्याची बाग आहे, तिथं आम्ही नेमबाजी करतो. बागेत कामाला असलेले काका दर खेपेला म्हणतात, "भाऊ, हे पोपट पायले का? सारा माल टोचून ठेवते. दोन उडवा ना." दर खेपेला मी त्यांना समजावतो की पोपटाला हात लावणं गुन्हा आहे, आणि गुन्हा नसता तरी मी लावला नसता. संत्री टोचतात हे खरं आहे. त्यासाठी जाळी आहे, चमकपट्टी आहे.

तर दुसरा स्कोप. सात हजारांवर जायचं नाही हे घरी ठरलं होतं. सीताबर्डीवरच्या एका जुन्या ओळखीच्या दुकानदारानं तीन नग चार दिवसांच्या बोलीवर दिले. ओरखडा पडला तर तो नग आमचा. पहिला, ४ × ३२, म्हणजे कायम चारपट दाखवणारा, ३२ मिलिमीटर काचेचा, तेराशे रुपयांचा. दुसरा, ६-२४ × ५०, म्हणजे सहापटीपासून चोवीसपटीपर्यंत फिरवता येणारा, अठ्ठेचाळीसशेचा, हातभर लांब, दिव्याच्या फुलीचा. तिसरा, ३-९ × ४०, पुढच्या काचेभोवती अंतराची फिरती कडी असलेला, चौसष्टशेचा. कंपन्यांची नावं देत नाही, कारण हुबेहूब तोच स्कोप वेगवेगळ्या खोक्यांतून वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. आम्ही त्यांना चौका, चोवीस आणि नऊ म्हणायला लागलो.

दुकानात चोवीस सगळ्यांना जिंकतो. रस्त्यापलीकडच्या पाटीवरचा फोन नंबर डोळ्यासमोर येतो, माणूस हरखून जातो. मीही हरखलो. म्हणून पहिली परीक्षा घराच्या गच्चीवर, दिवस मावळताना घेतली. डिसेंबरात नागपूरला साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास सूर्य जातो. त्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं स्कोपची खरी ओळख पटवतात. हिशोब सोपा आहे. पुढच्या काचेचा व्यास भागिले मोठं दाखवण्याचा आकडा, म्हणजे मागून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी. स्कोप हातभर लांब धरून पाहिला तर तो झोत गोल टिकलीसारखा दिसतोसुद्धा. चौक्याची टिकली ८ मिलिमीटर, नऊची पूर्ण झूमवर ४.४, चोवीसची पूर्ण झूमवर जेमतेम २.१. अंधारू लागलं की डोळ्याची बाहुली पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उघडते. मग दोन मिलिमीटरचा झोत तिला पुरत नाही. सहा वाजता समोरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं चोवीसमधून करड्या धुक्यात विरली होती. नऊमधून वाचता येत होती. चौक्यातून बारीक दिसत होती, पण काळ्यावर पांढरी, स्वच्छ. चोवीसचा आकडा सहावर आणला की तोही उजळतो, पण मग चोवीस घेण्याचा उपयोग काय?

मोठ्या झूमची दुसरी अडचण विदर्भातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरत वर येते आणि चोवीसपट मोठ्या चित्रात ती थरथरही चोवीसपट होते. कागदावरचं काळं वर्तुळ पाण्यात पडल्यासारखं हलत राहतं.

काचेची पारख एवढीच. काच बरी असावी, पण बहुतेक लोक इथंच थांबतात आणि तिथंच फसतात. स्कोपचं खरं काम वरच्या आणि बाजूच्या त्या दोन फिरक्यांत आहे. नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते. फिरकीचा स्क्रू तिला एका बाजूनं ढकलतो आणि समोरची स्प्रिंग तिला उलट दाबून धरते. एक क्लिक म्हणजे ती नळी केसभर सरकली. स्वस्त स्कोपमध्ये पैसे वाचवले जातात ते या स्क्रूत आणि स्प्रिंगमध्ये, कारण दुकानात ते कोणाला दिसत नाहीत.

ते पाहायचं तर बंदूक मध्ये नको, हे मला आधीच्या खेपेला कळलं होतं. छर्रा इकडचा तिकडं गेला तर दोष हाताचा, छर्ऱ्याचा, वाऱ्याचा की स्कोपचा, हे सांगता येत नाही. म्हणून इतवारीतून सुताराचा एक शिकंजा आणला, जबड्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले आणि तो बागेतल्या पंपाच्या खोलीच्या ओट्यावर पक्का केला. टेपनं बरोबर २५ मीटर मोजून गोठ्याच्या भिंतीवर मुलांचा आलेख कागद चिकटवला, दर दोन सेंटिमीटरची रेघ स्केचपेननं जाड केली. आता बंदूक नाही, छर्रा नाही. शिकंज्यात एकटा स्कोप, आणि कागदाच्या एका कोपऱ्यावर त्याची फुली.

फिरकीवर पाव मिनिट लिहिलेलं असतं. हे मिनिट कोनाचं, अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे सुमारे २९ मिलिमीटर. म्हणजे २५ मीटरवर पाव मिनिटाची एक क्लिक १.८ मिलिमीटर, आणि वीस क्लिक ३६. मग चौकोन चालायचा: वीस क्लिक उजवीकडं, वीस वर, वीस डावीकडं, वीस खाली. फुली निघाली त्याच रेघेवर परत आली पाहिजे.

मावसभाऊ वही घेऊन बसला, मी क्लिक मोजत होतो. चोवीसला सुरुवातीच्या सहा क्लिकपर्यंत फुली जागची हललीच नाही. सातव्याला एकदम उडी मारून एक सेंटिमीटर गेली. वीस पूर्ण झाल्या तेव्हा ३६ च्या जागी २५ मिलिमीटर. मी फिरकीवर पेन्सिलीनं हलकंसं टकटक केलं, तर डोळ्यादेखत फुली आणखी सात मिलिमीटर सरकली. म्हणजे स्प्रिंग नळीला ढकलत होती, पण नळी अडकून बसत होती. बंदुकीवर ही टकटक पुढच्या छर्ऱ्याच्या धक्क्यानं झाली असती, आणि मी आपला हात दोषी धरला असता. चौकोन संपला तेव्हा फुली मूळ जागेपासून नऊ मिलिमीटर लांब होती. तीनदा केलं, तिन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी आली.

चौक्यानं मला चकित केलं. त्याच्या वीस क्लिक ४४ मिलिमीटर गेल्या, म्हणजे फिरकीवर छापलेला आकडा साफ खोटा. पण परत आली ती अगदी त्याच रेघेवर. पुन्हा ४४, पुन्हा त्याच रेघेवर. मावसभाऊ म्हणाला, "दादा, हा चुकते, पन रोज सारखाच चुकते." मला तो तेराशे रुपयांचा स्कोप त्या क्षणी आवडला. क्लिकची किंमत १.८ ऐवजी २.२ धरली की हिशोब बसतो. चोवीसचा हिशोब कधीच बसणार नव्हता. नऊ ३५ मिलिमीटर गेला आणि रेघेवर परत आला. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असेल तर तो माझ्या डोळ्याला दिसला नाही.

चोवीस त्याच संध्याकाळी खोक्यात गेला.

चौक्याची उणीव दुसरीकडं होती. मोठ्या रायफलीसाठीचे साधे स्कोप १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेले असतात, कारण हरिण साधारण तिथं उभं असतं. आमचा कागद २५ मीटरवर. त्या अंतराला डोळा काचेच्या मध्यापासून थोडा ढळला की फुली कागदावरून सरकते. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात. ३२ मिलिमीटरच्या काचेला ही चूक २५ मीटरवर जास्तीत जास्त साडेअकरा मिलिमीटर येते. शिकंज्यातल्या चौक्याला हात न लावता मी फक्त डोकं वर-खाली केलं, तर फुली जवळजवळ एक सेंटिमीटर चालली. गाल दर वेळी त्याच जागी टेकवायची सवय असेल तर ही चूक पुष्कळ कमी होते, पण ती सवय यायला वर्ष लागतं. नऊच्या पुढच्या कडीनं अंतर जुळवता येतं. कडीवरचे आकडे यार्डांत आहेत आणि थोडे चुकीचेही. २५ मीटरवर डोकं हलवून फुली जिथं थांबली, त्या जागी बायकोच्या नेलपॉलिशचा ठिपका दिला. छापलेल्या आकड्यापेक्षा आता तो ठिपकाच खरा.

मग नऊ बंदुकीवर चढवला. स्कोप बंदुकीवर धरून ठेवणाऱ्या पकडीच्या कड्या घेताना आपल्या बंदुकीची खाच मोजून घ्यावी. एअर रायफलीवर बहुधा ११ मिलिमीटरची डव्हटेल, म्हणजे तिरक्या कडांची खाच असते आणि मोठ्या रायफलींच्या रुंद पट्टीच्या कड्या तिच्यावर बसत नाहीत. फुली सरळ बसवायला लिंबाच्या फांदीला गवंड्याचा ओळंबा टांगला. बंदूक पाणसळीनं सपाट केली आणि फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी एकजीव होईपर्यंत स्कोप कड्यांत फिरवला. ओळंबा वाऱ्यानं हलत होता, म्हणून त्याचं टोक पाण्याच्या बादलीत बुडवलं. डोळ्यापासूनचं अंतर ठरवायची युक्ती सोपी आहे. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, गाल जिथं पडेल तिथं पडू द्यायचा आणि मग डोळे उघडायचे. कडेनं काळी सावली दिसली तर स्कोप पुढं-मागं करायचा. आपली मान स्कोपकडं न्यायची नाही.

इथं अडलं ते वेगळ्याच गोष्टीनं. पहिले पाच छर्रे फुलीपासून नऊ सेंटिमीटर खाली. वरची फिरकी फिरवत गेलो, पन्नास क्लिक झाल्या आणि फिरकी जवळजवळ संपत आली. नळी मोडून भरायच्या बंदुकांची नळी बऱ्याचदा पुढं किंचित झुकलेली असते. ती कसर फिरकीनंच भरून काढली तर आतला स्क्रू इतका सैल होतो की समोरच्या स्प्रिंगला दाबायला काही उरत नाही, आणि चांगला स्कोपही भरकटायला लागतो. कितीतरी लोक अशा वेळी स्कोप वाईट म्हणून टाकून देतात. उपाय मागच्या कडीखाली. शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कात्रीनं कापून, कडा घासून मागच्या कडीत स्कोपच्या नळीखाली घातली. एक कमी पडली, दुसरी घातली. फिरकी तिच्या मध्यावर आणून ठेवली. आता छर्रे फुलीच्या दीड सेंटिमीटर खाली पडत होते. बाकीचं आठ क्लिकमध्ये झालं. कड्यांचे स्क्रू आडवे-तिडवे, थोडे थोडे आवळले, कारण एकच बाजू दाबली तर नळीला खोच पडते. शेवटी कडी आणि खाच यांच्या सांध्यावर पेन्सिलीची एक रेघ. धक्क्यानं स्कोप खाचेवर मागं सरकू लागला तर ती रेघ आधी तुटते.

चार दिवसांत नऊवर अडीचशे छर्रे मारले. पाठीमागं मातीचा उंच बांध, सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे, आणि बागेत कोणी असेल तर बंदुकीची नळी मोडून ठेवलेली. अडीचशेनंतर स्कोप उतरवून पुन्हा शिकंज्यात. पस्तीस मिलिमीटर, आणि परत रेघेवर. कानाशी धरून हलवला, काही वाजलं नाही. आधीचा साठ छर्ऱ्यांत मेला होता, म्हणून ते अडीचशे मोजताना माझा जीव खालीवर होत होता.

एक परीक्षा राहिली होती. नागपूरच्या जुलै-ऑगस्टमध्ये आलमारीतल्या कपड्यांनाही ओल येते. स्कोपच्या आत हवेतलं बाष्प राहिलं असेल तर गारव्यानं काच आतून धुरकटते. चांगल्या स्कोपमध्ये कोरडा नायट्रोजन भरून सांधे बंद केलेले असतात. नऊच्या खोक्यावर तसं लिहिलं होतं, पण चोवीसच्या खोक्यावरही बरंच लिहिलं होतं. पिशवीत गुंडाळून नऊ तासभर फ्रीजमध्ये ठेवला. आई म्हणाली, "तुझ्या आजोबांनी बंदूक कधी कोथिंबिरीशेजारी नाही ठेवली." बाहेर काढल्यावर वरून दव धरलं, ते पुसलं. आतून काच कोरडी होती. चौका आतून किंचित धुरकटला आणि दहा मिनिटांनी निवळला. मावसभावाला सांगितलं, तरी त्यानं तो तेराशेला घेतलाच. "माह्या पोराले शिकाले बास हाय. गाल टेकवाची सवय तरी लागन." ते बरोबरच होतं. १० मीटरच्या स्पर्धेत स्कोप चालत नाही, तिथं पीप साइट, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरायची सोय असते आणि गाल टेकवण्याची शिस्त तिथंही तीच लागते.

नऊचे चौसष्टशे दिले. पहिल्या दुकानदारानं एकोणीसशे परत केले नाहीत ते नाहीतच.

मे महिन्यात सकाळी सातला बागेत पोचलो. बंदूक गाडीच्या डिकीत, काटोल रस्त्याचे सगळे खड्डे खाऊन आलेली. डिसेंबरनंतर फिरकीला हात लावला नव्हता. पहिला छर्रा फुलीच्या चार मिलिमीटर खाली, पुढचे चार त्याच्याच आसपास, सगळे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे. दुपारी ऊन चढल्यावर पुन्हा पाच मारले, तेही तिथंच. वहीत तारीख घातली आणि पुढं लिहिलं: दोन क्लिक वर. एकूण छर्रे चारशे दहा.

पावसाची पहिली सर पडली की नऊ पुन्हा शिकंज्यात लागणार आहे. गोठ्याच्या भिंतीवरचा आलेख कागद मी काढलेला नाही. काकांनी त्याच्यावर पावसासाठी प्लॅस्टिक लावून ठेवलंय.